श्वास कुणासाठी रोखायचा? : विद्यार्थ्यांचे थरारपट आणि प्रेक्षक

१

एकांकिका हे अनेक वर्षे आपल्या महाविद्यालयीन तरुणांच्या अभिव्यक्तीचे मुख्य साधन होते. तिला रंगमंच लागे, तालमीला जागा लागे, दिग्दर्शक लागे. आणि या तिन्ही गोष्टी ज्यांच्या हाती असत त्यांच्या मर्जीने आपल्या मुलाला भूमिका मिळे. ती बहुधा गड्याची किंवा हवालदाराची असे. खिशातल्या मोबाईलमध्ये कॅमेरा आला आणि ही मर्जी पुष्कळ अंशी निकालात निघाली. नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या कामगार वस्तीतला, किंवा सुरगाणा-पेठकडून शिकायला आलेला मुलगा आज चार मित्र जमवून दहा-बारा मिनिटांचा चित्रपट करू शकतो. स्नेहसंमेलनात, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत, जयंतीला वस्तीत बांधलेल्या पडद्यावर तो दाखवू शकतो. ही घटना लहान नाही.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. वर्गात कवितेच्या तासाला खिडकीबाहेर पाहणारी मुले तास संपल्यावर पटकथेची वही घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्या या वह्यांत आणि नंतर पडद्यावर मला जे दिसते त्यात थरारपटांची संख्या सर्वांत मोठी आहे. खून, पाठलाग, बंद खोली, अनोळखी माणसाचा फोन. आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो : "सर, प्रेक्षक गुंतला पाहिजे. काय करू?"

या प्रश्नाला दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर स्पर्धेच्या बाजारातले : पहिल्या मिनिटात प्रेत दाखवा, दर दोन मिनिटांनी दचकवा, शेवटी सगळे उलटे करून टाका. दुसरे उत्तर आपल्याच काही कार्यकर्त्यांचे. ते म्हणतात, थरारपट ही पोट भरलेल्यांची करमणूक आहे. ज्यांच्या घरात रोजच भीती नांदते त्यांनी खोटी भीती कशाला रंगवावी? आपल्या मुलांनी वास्तव दाखवावे, प्रबोधन करावे.

ही दोन्ही उत्तरे मला मान्य नाहीत. पहिले उत्तर प्रेक्षकाला यंत्र समजते : कळ दाबली की तो दचकेल. दुसरे उत्तर त्याला विद्यार्थी समजते : पाठ दिला की तो सुधारेल. प्रेक्षक हा माणूस आहे, त्याला जात आहे, वर्ग आहे, आठवणी आहेत, आणि तो या सर्वांसह अंधारात येऊन बसतो, ही गोष्ट दोघेही विसरतात. माझे म्हणणे असे की थरारपटातली उत्कंठा हे मुळात तंत्र नव्हे, ते नाते आहे. प्रेक्षक श्वास रोखतो तो कुणासाठी तरी रोखतो. तो 'कुणी' कोण, हे ठरले की अर्धा चित्रपट ठरला. आणि हे ठरवण्याचा अधिकार आजवर आपल्याकडे नव्हता.

२

उत्कंठेचे शास्त्र सांगताना आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकाचा दाखला देण्याची प्रथा आहे. तो दाखला चांगला आहे, म्हणून मीही देतो. १९६२ साली फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हिचकॉकने आश्चर्य आणि उत्कंठा यांत भेद केला. दोन माणसे टेबलाशी बसून साध्या गप्पा मारीत आहेत आणि अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षकाला धक्का बसतो, तो काही सेकंद टिकतो. आता असे समजा की बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिले आहे, समोर घड्याळ आहे, आणि बॉम्ब केव्हा फुटणार हेही त्याला माहीत आहे. त्याच निरर्थक गप्पा आता असह्य होतात. प्रेक्षकाला ओरडून सांगावेसे वाटते : उठा, पळा! पहिल्या प्रकारात दिग्दर्शकाने माहिती लपवली, दुसऱ्या प्रकारात प्रेक्षकाला ती दिली. प्रेक्षक गुंततो तो त्याला ठाऊक असते म्हणून.

आपल्या मुलांच्या बहुतेक थरारपटांची पहिली चूक येथे सापडते. ते सर्व काही लपवतात. मारेकरी लपवतात, कारण लपवतात, नाते लपवतात, आणि शेवटच्या मिनिटाला गाठोडे सोडावे तसे सगळे एकदम पुढ्यात टाकतात. दहा मिनिटे प्रेक्षकाला काहीच ठाऊक नसते; मग त्याने काळजी तरी कशाची करावी?

परंतु हिचकॉकच्या दाखल्यात एक गृहीतक दडलेले आहे आणि त्याची चर्चा सहसा होत नाही. टेबलाशी बसलेली माणसे जगावीत असे प्रेक्षकाला वाटते, हे तेथे धरून चाललेले आहे. ती माणसे कोण आहेत? ती झाडूवाली असती, मैला वाहणारा असता, पालात राहणारा फासेपारधी असता, तर सभागृहातला प्रत्येक माणूस तितक्याच कळकळीने 'पळा' म्हणाला असता काय? ज्या समाजात काही मरणे बातमीच्याही लायकीची मानली जात नाहीत, तेथे ती पडद्यावर आपोआप उत्कंठेच्या लायकीची होतील असे समजणे भाबडेपणाचे आहे.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या संदर्भात सिनेमाने हा प्रश्न हाताळलेला आहे. जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) या भयपटाचा नायक काळा आहे. प्रेतांच्या हल्ल्यातून तो रात्रभर झुंजून वाचतो आणि सकाळी जिवंत माणसांच्या बंदुकधारी टोळीच्या गोळीने मरतो. जॉर्डन पील याच्या 'गेट आउट' (२०१७) मध्ये काळा नायक जिवावरच्या संकटातून सुटतो, आणि नेमक्या त्या क्षणी रस्त्यावर पोलिसांच्या गाडीसारखे लाल-निळे दिवे चमकतात. एरवीच्या चित्रपटात पोलीस आले की प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो. येथे तो श्वास रोखतो. रक्ताळलेला काळा माणूस आणि पोलीस यांची गाठ पडली म्हणजे काय होते, हे त्याला बाहेरच्या जगात ठाऊक झालेले असते. गाडीतून नायकाचा मित्र उतरतो; पण तोवर त्या काही सेकंदांत दिग्दर्शकाने एकही नवी माहिती न देता सगळे सभागृह ताणून धरलेले असते. टेबलाखालचा बॉम्ब त्याने ठेवलेला नव्हता. तो समाजाने आधीच ठेवला होता.

आपल्या टेबलाखाली काय आहे?

३

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्या मुलांना नाशिकबाहेर जाण्याची गरज नाही. विहितगाव हे आज शहरातच जमा झालेले गाव. बाबुराव बागूल १९३० साली तेथे जन्मले आणि २००८ साली नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा त्यांचा कथासंग्रह १९६३ सालचा. त्यातल्या शीर्षककथेविषयी विद्रोह, वेदना, मानवमुक्ती या अंगांनी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. पण ती कथा पटकथा म्हणून कुणी वाचावी असे मला फार दिवस वाटत आले आहे.

गुजरातेत उधन्याला रेल्वेत नोकरीला आलेला एक तरुण. सभोवती सवर्ण कामगार. त्याच्या बोलण्यातला तोरा, त्याचे काव्य, त्याची स्वतंत्र भारताविषयीची स्वप्ने यांमुळे लोक त्याला आपल्यातला समजतात. वाचकाला मात्र पहिल्यापासून ठाऊक आहे. येथून पुढे प्रत्येक सौजन्य हे संकट होते. कुणी आपुलकीने वागले की भीती वाढते. रामचरण तिवारी त्याच्या कवित्वावर भाळून त्याला घरी जेवायला नेतो तेव्हा ते ताट, ते पाणी, त्या घरातल्या स्त्रीची आपुलकी हे सर्व घड्याळाच्या काट्यासारखे वाजू लागते. दुसऱ्या बाजूला काशिनाथ सकपाळ आहे. तो जात लपवीत नाही आणि अपमान गिळत नाही. तो समोर आला की आपल्या नायकाचे मौन उघडे पडते. शेवटी बॉम्ब फुटतो, मार बसतो, आणि मदतीला धावून येतो तो काशिनाथच.

तंत्राच्या भाषेत बोलायचे तर येथे उत्कंठेची सर्व साधने आहेत : वाचकाला आधी दिलेली माहिती, घटकेघटकेला आवळत जाणारी जागा, नायकाच्या उलट वागणारे दुसरे पात्र, आणि अटळ असूनही नको वाटणारा शेवट. खून नाही, पिस्तूल नाही, रहस्य तर नाहीच. एक साधा प्रश्न आहे : तुमची जात कोणती? हा प्रश्न विचारला जाईल काय, केव्हा, कोण विचारील, आणि उत्तर काय द्यायचे, एवढ्यावर बागूल वाचकाला शेवटपर्यंत धरून ठेवतात.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांच्या आक्षेपाला माझे उत्तर असे आहे : थरार हा आपल्या साहित्यात बाहेरून आणायचा माल नाही. आपल्या एका मोठ्या लेखकाने तो साठ वर्षांपूर्वी जातिव्यवस्थेच्या पोटातूनच काढून दाखवला. आणि स्पर्धेच्या बाजारातल्या उत्तराला माझे उत्तर असे : अंधारात दचकवणारा मुखवटा शोधण्यापूर्वी भर दिवसा, चहा पिताना, हसत हसत विचारल्या जाणाऱ्या आडनावाकडे पाहा.

४

आता दोन विद्यार्थी-लघुपटांविषयी. दोन्ही मी एकाच दिवशी, एकाच सभागृहात पाहिले. करणारी मुले अजून शिकत आहेत, म्हणून त्यांची आणि चित्रपटांची नावे देत नाही. प्रश्न व्यक्तींचा नाहीच.

पहिल्या चित्रपटात एक मुलगी रात्री घरी एकटी आहे. बाहेर कुणीतरी फिरते आहे. दार वाजते, दिवे जातात, सावली सरकते. पाठीमागून येणाऱ्या माणसाचा चेहरा शेवटी दिसतो : काळा, दाढी वाढलेला, अंगात फाटका शर्ट, बोलण्यात गावंढळ हेल. तो जवळच्या झोपडपट्टीतला असल्याचे एका वाक्यात सांगितलेले. छायाचित्रण स्वच्छ होते, आवाज नेमका होता, सभागृह दोनदा किंचाळले आणि चित्रपटाला बक्षीस मिळाले. तो करणाऱ्या पाच मुलांपैकी तिघे वस्तीतलेच होते.

याचा विचार केला पाहिजे. त्या तीन मुलांनी आपल्याच बापाचा, आपल्याच शेजाऱ्याचा चेहरा भीतीचा चेहरा म्हणून वापरला. कुणी त्यांच्यावर जबरदस्ती केली नव्हती. आजवर पाहिलेल्या शेकडो चित्रपटांनी त्यांना शिकवले होते की प्रेक्षक म्हणजे बंगल्यातला माणूस आणि भीती म्हणजे बंगल्याबाहेरचा माणूस. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली संपूर्ण देशात रद्द झाला, त्या जमातींना आपण विमुक्त म्हणतो. पण पडद्यावर तो कायदा अजून चालू आहे. चोर दाखवायचा की रंग काळा करायचा, भाषा बिघडवायची, वस्ती दाखवायची. हा आळस आहे, आणि या आळसाची किंमत कोठडीत खरी माणसे मोजतात.

दुसरा चित्रपट बारा मिनिटांचा. खेड्यातून शहरात शिकायला आलेला एक मुलगा भाड्याची खोली पाहतो. घरमालकीणबाई प्रेमळ आहेत. खोली आवडते, भाडे ठरते. मुलगा सामान आणतो. पेटी उघडतो तेव्हा आत कपड्यांच्या घडीखाली बाबासाहेबांची तसबीर दिसते. तो तिच्यावरून हात फिरवतो आणि पुन्हा झाकून ठेवतो. संवाद नाही. मग बाई चहा घेऊन येतात, पेटीवरच बसतात, आणि गाव, तालुका, वडील काय करतात, असे विचारू लागतात. आडनाव त्या विचारीत नाहीत. त्या फक्त जवळ जवळ येत राहतात.

येथे सभागृहात जे घडले ते मी मुद्दाम नोंदवतो. पेटी उघडल्याबरोबर सभागृहाचा एक भाग एकदम शांत झाला. मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. दुसरा भाग मात्र आणखी दोन-तीन मिनिटे तसाच खुर्च्या सरकवीत, बोलत बसला होता. बाईंचे प्रश्न वाढत गेले तेव्हा कुठे तो सावध झाला. म्हणजे एकाच पडद्यापुढे दोन प्रेक्षक बसले होते. एकाला टेबलाखालचे ताबडतोब दिसले, दुसऱ्याला दाखवावे लागले. या चित्रपटाचे मोल असे की त्याने दुसऱ्यालाही शेवटी पहिल्याच्या शेजारी आणून बसवले. पहिल्या चित्रपटाने याच्या उलट केले : त्याने पहिल्यालाही दुसऱ्याच्या नजरेने स्वतःला भ्यायला लावले.

दुसऱ्या चित्रपटात दोष नव्हता असे नाही. त्याचा शेवट फसला. बाईंच्या प्रश्नाचा ताण शिगेला पोचल्यावर मुलगा उभा राहतो आणि समता, संविधान, माणुसकी यांवर दीड मिनिट बोलतो. त्यातले प्रत्येक वाक्य खरे आहे. पण ज्या क्षणी भाषण सुरू झाले त्या क्षणी सभागृहाचा श्वास सुटला. टाळ्या पडल्या आणि लोक मोकळे झाले. त्यांना मोकळे करायला नको होते.

५

प्रेक्षक एकसंध नसतो, हे या शहराइतके दुसऱ्या कोणत्या शहराला ठाऊक असावे? त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' केला आणि १९१८ साली नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. राम, कृष्ण येथे चित्रित झाले. २ मार्च १९३० रोजी याच शहरात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे लढवला. १९३२ साली, म्हणजे सत्याग्रह चालू असतानाच, फाळक्यांचा 'सेतुबंधन' आला. पडद्यावर रामाचा सेतू बांधला जात होता आणि रामाच्या दारापुढे माणसे अडवली जात होती. हा फाळक्यांवरचा आरोप नव्हे. भारतीय सिनेमाच्या जन्मापासून त्याच्यापुढे दोन प्रेक्षक आहेत आणि त्यातला एकच हिशेबात धरला गेला, एवढेच मला सांगायचे आहे. १९३० च्या सुमारास केरळात जे. सी. डॅनियल यांच्या मूकपटात पी. के. रोझी या दलित मुलीने नायर स्त्रीची भूमिका केली, तेव्हा सवर्ण प्रेक्षकांनी तिला गाव सोडायला लावले. तोही 'गुंतलेला' प्रेक्षकच होता.

याच काळात नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी जलसे करीत होते. त्यांच्यापुढे कोण बसले आहे हे त्यांना पक्के माहीत होते. सवाल टाकायचा, उत्तर अडवून ठेवायचे, समोरच्याच्या तोंडून ते यावे अशी वेळ आणायची, हे कसब जलशाने तमाशाच्या सवाल-जवाबातून घेतले आणि आपल्या कामाला लावले. रात्र-रात्र माणसे उठत नसत. प्रेक्षक गुंतवण्याची विद्या आपल्या घरात होती. ती आपण परदेशी पुस्तकांतून शिकायला निघालो आहोत.

६

आता माझ्याकडे वही घेऊन येणाऱ्या मुलांना मी काय सांगतो ते थोडक्यात मांडतो.

एक. प्रेक्षकाला लवकर सांगा. पेटीतली तसबीर दुसऱ्या मिनिटाला दिसली म्हणून पुढची दहा मिनिटे उभी राहिली. ती शेवटी दिसली असती तर ती युक्ती झाली असती. साधने थोडी असली तरी चालते. फाळक्यांनी १९१२ साली पहिला प्रयोग केला तो वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा : एक कुंडी, एक अंकुर. पुढे काय होणार हे पाहणाऱ्याला कळते, आणि कळते म्हणूनच तो पाहत राहतो.

दोन. जागा निवडताना तिची आठवण तपासा. नाशिकची मुले भयपटासाठी पांडवलेण्यांकडे धावतात, कारण तेथे अंधार आहे आणि दगड आहेत. एका पटकथेत त्या गुंफांत भूत होते. ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो ती भिक्खूंसाठी कोरलेली त्रिरश्मी लेणी आहेत. सातवाहनांचे शिलालेख तेथे भिंतीवर आहेत. आपली माणसे तेथे वंदनेला जातात. भीती प्रत्येक जागेत नसते, ती कुणाची तरी असते. आपल्या मुलाला खरी भीती कुठे वाटली? पाणवठ्यावर, गुरुजींच्या खोलीत, लग्नाच्या पंगतीत, वसतिगृहाच्या यादीपुढे, मुलाखतीच्या टेबलाशी. कॅमेरा तेथे न्या.

तीन. न दाखवण्याची कला शिका. फ्रिट्झ लांगने 'एम' (१९३१) मध्ये मुलीचा खून दाखवला नाही. जेवणाच्या टेबलावरचे रिकामे ताट, गवतात घरंगळत आलेला चेंडू आणि विजेच्या तारांत अडकलेला फुगा एवढेच दाखवले. नागराज मंजुळे यांनी 'सैराट' (२०१६) च्या शेवटी हेच केले. माहेरची माणसे भेटी घेऊन हैदराबादच्या घरी येतात, आर्ची त्यांना चहा करते. मारहाण दिसत नाही, किंकाळी ऐकू येत नाही. शेजारणीबरोबर परतलेले लेकरू उंबऱ्यातून आत जाते आणि रक्ताची पावले उमटवीत बाहेर येते. पण त्या चहाचा प्रसंग पुन्हा पाहा. ज्याला आपला समाज ठाऊक आहे त्याने त्या पाहुण्यांना पाहताक्षणी बॉम्ब ओळखला होता. ज्याला ठाऊक नव्हता त्याला वाटले, दिलजमाई झाली. एकच चहा, दोन प्रेक्षक.

चार. शेवटी प्रेक्षकाला मोकळे सोडू नका. मंजुळे यांच्याच 'फँड्री' (२०१३) मध्ये जब्या डुकरे पकडायच्या कामात शाळेतल्या मुलीच्या नजरेस पडू नये म्हणून लपत राहतो. कुणी दिसू नये म्हणून चाललेली ही धडपड मी कोणत्याही पाठलागाइतकी थरारक मानतो. येथे पाठलाग करते ती नजर आहे. आणि शेवटचा दगड येतो तो कॅमेऱ्यावर, म्हणजे पाहणाऱ्यावर. दोन तास गावकऱ्यांबरोबर तमाशा पाहत बसलेल्या प्रेक्षकाला तो दगड विचारतो : तू कुठल्या बाजूला बसला होतास? भाषणाने हे काम झाले नसते.

हे मंजुळे काही आकाशातून पडलेले नाहीत, हेही मुलांना सांगावे लागते. तेव्हाच्या अहमदनगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या एका महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्यांनी 'पिस्तुल्या' (२००९) हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तोही विद्यार्थ्याचाच चित्रपट होता.

७

एक आक्षेप शिल्लक राहतो आणि तो गंभीर आहे. आपल्या वेदनेला उत्कंठेच्या साच्यात घातले म्हणजे ती विकाऊ होणार नाही काय? सभागृहातल्या सुखवस्तू प्रेक्षकाला दहा मिनिटे आपल्या भीतीची चव देऊन घरी पाठवायचे, यात आपले काय साधले?

हा धोका खरा आहे. त्यावर माझ्याकडे एकच कसोटी आहे. चित्रपट संपल्यावर प्रेक्षकाच्या भीतीचा रोख कुठे राहिला ते पाहावे. पहिल्या लघुपटानंतर घरी जाणाऱ्याने दाराला जास्तीची कडी लावली असेल आणि वस्तीतल्या माणसाकडे संशयाने पाहिले असेल. दुसऱ्यानंतर निदान काही जणांना खोली भाड्याने देताना आपण विचारलेले प्रश्न आठवले असतील. पहिल्याने भीती आपल्यावर रोखली, दुसऱ्याने व्यवस्थेवर. तंत्र दोघांकडे होते. पहिल्याचे तर अधिक सफाईदार होते.

शिक्षकांनी आणि स्पर्धांच्या परीक्षकांनी याची दखल घेतली पाहिजे. गुणपत्रिकेत छायाचित्रणाला, संकलनाला, ध्वनीला रकाने असतात. हा चित्रपट कुणाला घाबरवतो आणि कुणाच्या जिवासाठी, असा रकाना मी अद्याप पाहिलेला नाही. तो नसेल तोवर आपली हुशार मुले आपल्याच माणसांना खलनायक करून बक्षिसे मिळवीत राहतील, आणि आपण त्यांच्या सफाईचे कौतुक करीत राहू.

आपल्या मुलांनी थरारपट जरूर करावेत. पुष्कळ करावेत, चांगले करावेत. मात्र कॅमेरा सुरू करण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहावे : या चित्रपटात प्रेक्षकाने कुणासाठी श्वास रोखायचा आहे? ज्याच्यासाठी आजवर कुणी रोखला नाही अशा एका माणसाचे नाव तेथे आले, तर पटकथेला सुरुवात झाली असे मी समजेन.